जनुकांचे वाहन : बहुशर्करांच्या उपयोगाचा एक इतिहास

पेण म्हटले की गणेशमूर्ती आठवतात आणि खाण्याच्या जिनसांत पोहे नि पापड. परंतु भोगावती व अंबा या नद्यांच्या खाड्यांलगत, धरमतरपर्यंत पसरलेल्या खारेपाटातील माणसाला तितकीच परिचित असलेली आणखी एक जिन्नस म्हणजे सोडे. कोळंबीचे डोके व साल काढून टाकून आतला गर उन्हात वाळविला म्हणजे सोडे होतात. जवळा मात्र इतका बारीक की तो सालीसकटच वाळवितात आणि सालीसकटच खातात. सोड्यांच्या मागे राहिलेली साल उकिरड्यावर जाते, नाहीतर खत म्हणून मातीत मुरते. याच सालीत जे कायटिन नावाचे द्रव्य असते, त्यावर रासायनिक संस्कार करून मिळणारे कायटोसान हे गेली तीस वर्षे जनुकांना मानवी पेशीत नेऊन पोचविण्याचे एक साधन म्हणून अभ्यासिले जात आहे. हा अभ्यास कोठून सुरू झाला, मध्यंतरी त्याला कोणती वळणे लागली आणि त्याने दिलेल्या आश्वासनांपैकी किती पुरी झाली, याचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल. जनुकोपचाराचा इतिहास बहुधा विषाणूंच्या अंगाने सांगितला जातो. शर्करांची कथा त्यात तळटीपेपुरतीच येते आणि ते न्याय्य नव्हे.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. जनुक वाहून नेणाऱ्या साधनास पाश्चात्त्य विज्ञानात ‘व्हेक्टर’ म्हणतात. हा शब्द ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला असून तो धातू व संस्कृतातील ‘वह्’ हे एकाच मूळ भाषेतील धातूची अपत्ये होत. मराठीने योजलेला ‘वाहक’ हा शब्द म्हणूनच नुसता अनुवाद नसून सख्ख्या भावंडाची भेट आहे. विल्हेल्म योहानसेन याने १९०९ मध्ये रूढ केलेला ‘जीन’ आणि मराठीतील ‘जनुक’ यांचेही नाते असेच ‘जन्’ धातूपाशी जुळते. ‘पॉलिमर’ची गोष्ट जरा निराळी. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुष्कळ भाग असलेले’ असा आहे. मराठीतील ‘बहुवारिक’ या शब्दात मात्र ‘वार’, म्हणजे खेप किंवा आवृत्ती, ही कल्पना पुढे येते. एकच घटक पुन:पुन्हा येऊन लांब साखळी बनणे हा जो या द्रव्यांचा स्वभाव, तो मराठी शब्दाने अधिक नेमका पकडला आहे असे म्हणावयास हरकत नाही. राहिला ‘कायटिन’. हा शब्द ग्रीक ‘खितोन’, म्हणजे अंगरखा, यावरून आला. तो ग्रीकांचाही मूळचा नव्हे. सेमिटिक भाषांतून तो ग्रीसमध्ये आला, आणि लॅटिनमधील ‘तूनिका’ हे त्याचेच दुसरे रूप समजले जाते. खाडीतील किरवी व कोळंबी जो अंगरखा घालतात त्याचे हे नाव आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळू. पाच हजार जोड्यांचा, म्हणजे तसा लहानसाच, डीएनएचा धागा सरळ केला तर त्याची लांबी सुमारे १,७०० नॅनोमीटर भरते. पेशीच्या आत शिरण्यासाठी त्याला शंभरएक नॅनोमीटरच्या गोळीत आवळावे लागते. दुसरे असे की, डीएनएच्या कण्यावरील प्रत्येक फॉस्फेटगट ऋण विद्युत्भार धारण करतो, आणि पेशीच्या पटलाचा बाह्य पृष्ठभागही ऋणभारितच असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. म्हणून उघडा डीएनए पेशीच्या दारातून सहसा आत जात नाही, आणि रक्तातील विकरे त्याचे थोड्याच वेळात तुकडे करतात. ज्याच्या अंगी धन विद्युत्भार आहे असे एखादे लांब साखळीचे द्रव्य त्यात मिसळले, तर विरुद्ध भारांच्या आकर्षणाने दोहोंची घट्ट गाठ बसते. त्यामुळे लांबी आवळली जाते, ऋणभार झाकला जातो व विकरांपासून संरक्षणही मिळते. बहुवारिक वाहकांची सारी कल्पना एवढ्या एका तत्त्वावर उभी आहे.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच योजिली होती. फ्रीड्रिख मीशर या स्विस संशोधकाने १८६९ मध्ये पुवातील पेशींतून ‘न्यूक्लिइन’ वेगळे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्याने बाझेलपाशी ऱ्हाइन नदीत येणाऱ्या सॅमन माशांच्या शुक्रपेशींचा अभ्यास केला आणि १८७४ मध्ये न्यूक्लिइनशी जखडलेल्या एका क्षारधर्मी द्रव्याला ‘प्रोटामिन’ असे नाव दिले. नरपेशीच्या चिमुकल्या डोक्यात सारा डीएनए दाबून बसविण्याचे काम हे प्रोटामिन करते. ते पेशीबाहेरून आत माल नेण्यासही उपयोगी पडेल हे ध्यानात यावयास मात्र जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. हार्वर्डमधील हॅरल्ड एमॉस यांनी १९६१ मध्ये दाखविले की, प्रोटामिन मिसळल्यास कोंबडीच्या पेशी आरएनए अधिक प्रमाणात आत घेतात.

चार वर्षांनी जे घडले ते शर्करांच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. १९६५ मध्ये आंटी वाहेरी व जोसेफ पगानो यांनी पोलिओ विषाणूचा नुसता आरएनए पेशींत शिरविण्यासाठी डायएथिल-अमिनोएथिल डेक्स्ट्रान वापरले. मूळचे डेक्स्ट्रान विद्युत्भाररहित असते. त्याच्या साखळीवर नायट्रोजनयुक्त गट जोडले की ते धनभारित होते. ‘नैसर्गिक बहुवारिक घ्यावे, त्यावर एक रासायनिक संस्कार करावा आणि त्याला वाहक बनवावे’ हे सूत्र येथे प्रथमच पूर्णपणे अवतरले. १९६८ मध्ये मकचन व पगानो यांनी हीच रीत डीएनएला लावली, आणि पुढे कित्येक वर्षे ती प्रयोगशाळांतील नित्याची रीत होऊन राहिली. डेक्स्ट्रान हे द्रव्य महाराष्ट्रातील साखर कारखानदारांना निराळ्या कारणाने ओळखीचे आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की ल्यूकोनॉस्टॉक जातीचे जंतू साखरेपासून हाच बुळबुळीत पदार्थ बनवितात, रस दाट होतो आणि उतारा घटतो. इडलीचे पीठ फुगविणाऱ्या जंतूंतही याच कुळातील मंडळी असतात. कारखान्यात जो उपद्रव, तो शस्त्रक्रियागृहात रक्तद्रवाचा पर्याय आणि विषाणुशास्त्रज्ञाच्या टेबलावर वाहक. पदार्थाचा गुण त्याच्या जागेवर किती अवलंबून असतो याचे हे चांगले उदाहरण होय.

कायटिनचा शोध याहूनही जुना. नान्सी येथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख आंरी ब्राकोनो यांना १८११ मध्ये ते प्रथम सापडले, तेही कोळंबीत नव्हे तर अळंब्यांत. १८२३ मध्ये ओदिए यांनी कीटकांच्या कठीण पंखांत तेच पाहिले आणि त्याला अंगरख्याचे नाव दिले. १८५९ मध्ये रूजे यांनी कायटिन तीव्र दाहक पोटॅशमध्ये उकळले तेव्हा ते सौम्य अम्लात विरघळू लागले. १८९४ मध्ये होपे-झायलर यांनी या बदललेल्या द्रव्याला ‘कायटोसान’ म्हटले. ही कृती आजही तत्त्वत: तीच आहे. साल सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात ठेवली की चुन्याचा भाग निघून जातो, सौम्य कॉस्टिक सोड्यात ठेवली की प्रथिने जातात, आणि उरलेले कायटिन चाळीस ते पन्नास टक्के तीव्रतेच्या तप्त सोड्यात ठेवले की साखळीवरील अ‍ॅसिटिल गट गळून अमिनो गट उघडे पडतात. अम्लाच्या सान्निध्यात हेच अमिनो गट धनभारित होतात. निसर्गात विपुलपणे मिळणाऱ्या बहुशर्करांत असा धनभार धारण करणारी दुसरी जवळजवळ नाही. सेल्युलोज, पिष्ट, चिंचोक्याची खळ, सर्व प्रकारचे डिंक ही द्रव्ये एक तर भाररहित, नाहीतर ऋणभारित. कायटोसानचे वेगळेपण एवढ्यातच आहे, पण ते पुरेसे आहे.

असे असूनही कायटोसान व डीएनए यांची गाठ घालून देण्यास १९९५ साल उजाडावे लागले. ममपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी ही कल्पना मांडली. एवढा विलंब का झाला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. याचे एक कारण असे दिसते की, तोवर हे द्रव्य सांडपाणी शुद्ध करणारे, शेतीला उपयोगी पडणारे, म्हणजे एका अर्थी टाकाऊ मालातून काढलेले स्वस्त रसायन म्हणून ओळखले जात होते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या सालीपासून ते काढण्याची पद्धती बसविली, तीही मुख्यत्वे टाकाऊ मालाचे चीज व्हावे या हेतूनेच. जनुकशास्त्राची भाषा बोलणारे आणि मत्स्योद्योगाची भाषा बोलणारे लोक एका खोलीत क्वचितच बसत.

मधल्या काळात दुसरीकडे ‘पत्त्या’चा प्रश्न सुटत होता. औषध शरीरभर न पसरता नेमके हव्या त्या अवयवाकडे जावे, ही आकांक्षा पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘जादूची गोळी’ या शब्दांनी व्यक्त केली. मराठीत ‘रामबाण’ हा शब्द आधीपासूनच आहे. त्याचा मूळ अर्थ ‘लक्ष्य न चुकणारा’ असा. रूढीने तो ‘हमखास गुणकारी’ एवढाच उरला. लक्ष्यगामी औषधांच्या चर्चेत या शब्दाला त्याचा पहिला अर्थ परत मिळतो.

हा पत्ता सापडला तो मात्र दुसरेच काही शोधताना. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल्बर्ट अ‍ॅशवेल व अनातोल मोरेल हे सेरुलोप्लाझ्मिन या तांबे बाळगणाऱ्या रक्तप्रथिनाचा अभ्यास करीत होते. प्रथिनाला चिकटलेल्या शर्करासाखळ्यांच्या टोकावरील सायालिक अम्ल त्यांनी विकराच्या साहाय्याने काढून टाकले आणि ते प्रथिन सशाच्या रक्तात सोडले. अखंड प्रथिन रक्तात दीर्घकाळ फिरत राहते. हे मुंडलेले प्रथिन काही मिनिटांतच नाहीसे झाले आणि यकृतात सापडले. सायालिक अम्ल गेल्यामुळे त्याच्या आतील गॅलॅक्टोज उघडे पडले होते. तेही काढून टाकले किंवा बदलले, तर प्रथिन पुन्हा रक्तातच राही. म्हणजे यकृतपेशींवर उघडे गॅलॅक्टोज ओळखून आत ओढून घेणारा एक ग्राही असला पाहिजे. १९७४ मध्ये तो वेगळा करण्यात आला. सस्तन प्राण्यांच्या पेशींवरील शर्करा ओळखणारा हा पहिलाच ग्राही होय.

कनेक्टिकटमधील जॉर्ज वू व कॅथरिन वू या दांपत्याने या शोधाची सांगड जनुकवहनाशी घातली. त्यांनी उघडे गॅलॅक्टोज असलेले एक रक्तप्रथिन घेतले आणि त्याला धनभारित पॉलिलायसिनची साखळी जोडली. पॉलिलायसिनने डीएनए धरून ठेवावा आणि गॅलॅक्टोजने रस्ता दाखवावा, अशी ही योजना होती. १९८७ मध्ये पेशीसंवर्धनात व १९८८ मध्ये जिवंत उंदरांत त्यांनी परके जनुक यकृतात पोचवून दाखविले. विषाणू न वापरता, इंजेक्शनने रक्तात सोडलेले जनुक एका ठरावीक अवयवात उतरविता येते, हे यातून सिद्ध झाले.

यापुढचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन ओघांच्या मीलनाचा आहे. २००० च्या सुमारास दक्षिण कोरियातील संशोधकांनी कायटोसानच्या अमिनो गटांवर लॅक्टोबायॉनिक अम्ल जोडून गॅलॅक्टोजयुक्त कायटोसान तयार केले. आता वाहन व पत्ता दोन्ही शर्करेचेच होते. भक्षक पेशींसाठी मॅनोज, अर्बुदांसाठी फोलिक अम्ल, अशा निरनिराळ्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या याच साखळीवर डकविण्यात आल्या. मुंबई विद्यापीठात १९३३ मध्ये निघालेल्या रसायन तंत्रज्ञान विभागाचीच आजची रूपांतरित अवस्था असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील अनिशा डिसूझा व पद्मा देवराजन यांनी २०१५ मध्ये यकृतातील या ग्राहीच्या द्वारे औषधे पोचविण्याच्या मार्गांचा जो विस्तृत आढावा घेतला, तो या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा.

तथापि संस्कार करण्याची गरज केवळ पत्त्यासाठी नव्हती. कायटोसानचे अमिनो गट साधारणत: साडेसहाच्या सामूजवळ आपला भार सोडू लागतात, आणि रक्ताचा सामू ७.४ असतो. म्हणजे प्रयोगशाळेतील अम्ल द्रावणात बांधलेली गाठ रक्तात सैल पडू लागते. यावर उपाय म्हणून नायट्रोजनवर तीन मिथिल गट बसवून भार कायमचा केला. गाठ टिकली, परंतु कायमचा धनभार पेशींच्या पटलांना अपायकारक ठरू लागला. आत शिरल्यावरही काम संपत नाही. पेशी हे गाठोडे एका अम्लधर्मी पिशवीत कोंडते, आणि तेथून वेळीच निसटले नाही तर ते पचविले जाते. निसटण्यास मदत व्हावी म्हणून काहींनी अम्ल शोषून घेणारे इमिडाझोल गट जोडले. निसटलेच तर पुढे केंद्रकाचे दार, आणि तेथे पोचल्यावर वाहकाने माल सोडूनही दिला पाहिजे. घट्ट धरावे तर सुटत नाही आणि सैल धरावे तर पोचत नाही, हे या क्षेत्रातील मुख्य दुखणे. विषाणूंनी ते लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीने सोडविले आहे. बहुशर्करांच्या वाट्याला पंचवीस-तीस वर्षे आली.

१९९९ हे वर्ष या कथेत दोन कारणांनी लक्षात राहते. एप्रिलमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कृष्णेंदू रॉय, काम लिआँग व सहकाऱ्यांनी असे प्रसिद्ध केले की, भुईमुगातील एका प्रथिनाचे जनुक कायटोसानच्या सूक्ष्म कणांत बांधून उंदरांना तोंडावाटे दिले असता त्यांची भुईमुगाविषयीची तीव्र असहिष्णुता कमी झाली. गिळता येण्याजोगे जनुक ही कल्पनाच चकित करणारी होती. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा अमेरिकन तरुण एका जनुकोपचाराच्या चाचणीत अ‍ॅडिनोविषाणूचा वाहक यकृतात सोडल्यानंतर दगावला. विषाणूविना चालणाऱ्या वाहकांकडे पाहण्याची दृष्टी या मृत्यूने बदलली. सौम्य, शरीरात विघटित होणारी, स्वस्त अशी बहुशर्करा केवळ कुतूहलाचा विषय न राहता सुरक्षिततेचा प्रश्न होऊन बसली.

मग ही आशा कितपत फळाला आली? प्रामाणिक उत्तर संमिश्र आहे. पिष्टापासून मिळणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनचे घटक गुंफलेले एक बहुवारिक, टोकाला ट्रान्सफेरिनचा पत्ता लावून, मार्क डेव्हिस यांच्या गटाने २००८ मध्ये कर्करुग्णांना दिले. त्यातील लघु आरएनए अर्बुदापर्यंत पोचून आपले काम करतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही त्यातून औषध निघाले नाही. कोविडच्या साथीत जे आरएनए जगभर टोचले गेले ते मेदकणांत बसून गेले. पुण्याच्या जेनोव्हाने तयार केलेल्या व २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या भारतीय लशीचा वाहकही मेदच होता. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या लशीने तर ऑगस्ट २०२१ मध्ये मनुष्यासाठी मान्य झालेली जगातील पहिली डीएनए-लस हा मान मिळविला. तीत डीएनए कसल्याही वाहकाविना, सुईरहित साधनाने, द्रवाच्या वेगाच्या जोरावर त्वचेत शिरविला जातो. यकृताच्या बाबतीत तर इतिहासाने थोडी थट्टाच केली. २०१९ मध्ये मान्य झालेले गिव्होसिरान व त्यानंतरचे इन्क्लिसिरान यांत गॅलॅक्टोजच्याच कुळातील एका शर्करेचे तीन रेणू थेट लघु आरएनएला जोडलेले असतात. अ‍ॅशवेल-मोरेल यांचा पत्ता जसाच्या तसा राहिला. गाडी मात्र वगळण्यात आली.

या अपयशाचे कारण कायटोसानच्या दुबळेपणात शोधण्याऐवजी त्याच्या नावात शोधावे, असे म्हणण्यास जागा आहे. ‘कायटोसान’ हे एका पदार्थाचे नाव नव्हे, ते एका कुटुंबाचे नाव आहे. साखळीची लांबी किती, अ‍ॅसिटिल गट शेकडा किती गळले व उरलेले साखळीवर कसे विखुरले, यांवर डीएनए धरण्याची व सोडण्याची ताकद ठरते. एका प्रयोगशाळेत यशस्वी झालेले कायटोसान दुसऱ्या प्रयोगशाळेत फसले तेव्हा दोघांनी बहुधा निरनिराळेच पदार्थ वापरले होते. शब्द एक आणि अर्थ अनेक अशा स्थितीत वाद मिटत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. साखळीची लांबी व संस्काराचे प्रमाण काटेकोरपणे बांधून घेतल्यावर चित्र कसे पालटते, हे कॅनडातील एन्जीन कंपनीच्या औषधावरून दिसते. दुहेरी संस्कार केलेल्या आखूड कायटोसानात बांधलेले जनुक मूत्राशयात सोडून तेथील वरवरच्या कर्करोगावर इलाज करण्याच्या त्याच्या मानवी चाचण्या पुढल्या टप्प्यांपर्यंत गेल्या आहेत. येथे पत्ता लिहिण्याची गरजच पडत नाही, कारण औषध नळीवाटे थेट त्या अवयवातच ठेवले जाते. श्लेष्मल पटलाला चिकटून राहण्याचा कायटोसानचा अंगचा गुण मात्र पुरेपूर उपयोगी पडतो.

पेण ज्या जिल्ह्यात आहे, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यात, जनुकोपचार ही आता परदेशी वार्ता राहिलेली नाही. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत जून २०२१ मध्ये भारतातील पहिल्या कार-टी पेशी एका रुग्णाला देण्यात आल्या. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राहुल पुरवार यांच्या गटाने विकसित केलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि परदेशातील तशाच उपचारांच्या सुमारे एक-दशांश खर्चात तो उपलब्ध झाला. तरीही तो खर्च काही लक्ष रुपयांच्या घरात आहे, आणि खारेपाटातील मच्छीमार वा आगरी कुटुंबाच्या आवाक्याच्या तो कितीतरी पलीकडे आहे. त्यातील वाहक विषाणूपासून बनविलेला असतो, आणि असा वाहक शुद्ध स्वरूपात तयार करणे हा अशा उपचारांतील मोठ्या खर्चाच्या बाबींपैकी एक आहे. स्वस्त बहुशर्करेचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे येथे बळकट होते. परंतु तेवढ्याने पेणच्या बाजारामागील सालीचा ढीग औषधाचा कच्चा माल ठरत नाही. त्यासाठी साल एकाच जातीच्या कोळंबीची हवी, ती ताजी असतानाच वेगळी काढलेली हवी. अनेकांना कोळंबीचे जे वावडे असते त्याला कारण होणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन, आणि जंतूंच्या आवरणातील विषद्रव्य, या दोहोंचा लेशही मागे राहता कामा नये. शिवाय प्रत्येक खेपेला अ‍ॅसिटिल गटांचे प्रमाण मोजून तेच आले पाहिजे. हे सारे खाडीपासून प्रयोगशाळेपर्यंत कोण जुळवून आणणार, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या मजुरीचाही आहे.